पिल्लू पुन्हा पुन्हा मुलालाच दात लावतंय? काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

लहान मूल असलेल्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिल्या काही आठवड्यांतच एक तक्रार हमखास ऐकू येते: "आम्हाला कुणाला काही करत नाही, नेमकं मुलालाच चावतं." दोन दिवस बरे जातात, वाटतं सुटलं, आणि मग पुन्हा तेच. कुत्र्यांना वळण लावण्याच्या कामात हीच तक्रार मी अनेक घरांत निस्तरली आहे. बहुतेक घरांत पिल्लाचा स्वभाव वाईट नसतो आणि मूलही मुद्दाम काही करत नसतं. दमलेलं पिल्लू, पळणारं मूल आणि लक्ष दुसरीकडे असलेलं मोठं माणूस, हे तिघं एकाच वेळी एका खोलीत आले की दात लागतो. तिघांपैकी एकाची परिस्थिती बदलली तरी बरंच काही सुधारतं. कोणाची बदलायची ते शोधण्यासाठी हा क्रम आहे.

खाली फुकटच्या आणि सोप्या गोष्टी आधी आहेत, खर्चाच्या आणि कठीण नंतर. मधल्या पायऱ्या गाळू नका. जाळीचं फाटक विकत आणायला लोक लगेच तयार होतात, पण पिल्लाची झोप मोजायला कंटाळतात, आणि बिघाड बहुतेक वेळा झोपेतच असतो.

कारण सापडेपर्यंत मात्र एक गोष्ट आजपासूनच पाळा. पिल्लू आणि मूल यांच्यामध्ये कायम एक जागरूक मोठं माणूस असेल, नाहीतर एक बंद दार असेल. दोन्ही नाही, असं मिनिटभरसुद्धा नको.

लक्षणं

पहिला गट, जो बहुतेक घरांत दिसतो:

- मूल धावलं, किंचाळलं किंवा धडपडलं की पिल्लू मागे लागतं आणि पोटऱ्या, टाचा, कपड्याचं टोक पकडतं.
- मूल जमिनीवर बसलं की अंगावर चढतं. केस, बोटं, कान तोंडात घेतं.
- दिवसाच्या ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी, घरभर सुसाट धावतं आणि त्या वेळचे दात नेहमीपेक्षा जोरात लागतात.
- ढकललं किंवा ओरडलं की आणखी चेवाने परत येतं.

या गटात पिल्लाचं अंग सैल असतं. तोंड उघडं, हालचाल उड्या मारल्यासारखी, मधूनच पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करून "चल, खेळू" असं आमंत्रण. त्वचेवर ओरखडे येतात, क्वचित बारीक रक्तही येतं, कारण दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात. तसं झालं असेल तर जखमेचं काय करायचं ते आधी "इथे थांबा" या भागात वाचा.

दुसरा गट वेगळा आहे आणि तो वेगळाच धरा:

- खाताना मूल जवळ आलं की पिल्लू एकदम थांबतं, ताठ होतं, किंवा भांड्यावर मान घालून भराभर गिळू लागतं.
- उचललं, कवटाळलं किंवा झोपेतून हलवलं की गुरगुरतं.
- तोंड बंद, अंग कडक, नजर रोखलेली. डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो.
- मूल खोलीत आलं की पलंगाखाली जातं आणि बाहेर येत नाही.
- खेळ चालू नसताना, आवाज न करता, एकच जोराचा चावा.

दुसऱ्या गटातलं काहीही दिसलं असेल तर दोघांना आजच वेगळं ठेवा आणि सरळ "इथे थांबा" या भागाकडे जा. मधले उपाय नंतर उपयोगी पडतील, पण एकट्याने करत बसू नका.

तपासणी १: कागद आणि पेन

फ्रिजवर एक कागद लावा. दात लागला की लगेच चार गोष्टी लिहा: किती वाजले होते, आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं, मोठं माणूस नेमकं कुठे होतं, आणि पिल्लू त्याआधी शेवटचं कधी झोपलं होतं. आठवडाभर एवढंच करा.

याची गरज आहे, कारण "सारखं चावतं" या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. कागदावर मात्र आकृती दिसू लागते. रोज संध्याकाळी त्याच तासाला, किंवा दर वेळी स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीच्या मधल्या अरुंद जागेत, किंवा मूल शाळेतून आल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. घरातले सगळे एकमेकांना वेगवेगळी कारणं सांगत असतात आणि कागद तिसरंच दाखवतो. पुढे पशुवैद्य किंवा प्रशिक्षकाकडे जायची वेळ आली, तर त्यांनाही सगळ्यात जास्त उपयोग याच कागदाचा होतो.

तपासणी २: झोप

मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो, कारण सर्वांत जास्त वेळा बिघाड इथेच सापडतो.

दोन-चार महिन्यांच्या पिल्लाला मोठ्या कुत्र्यापेक्षा बरीच जास्त झोप लागते. मूल नसलेल्या शांत घरात ते आपोआप कोपऱ्यात जाऊन झोपतं. लहान मुलाच्या घरात मात्र त्याची झोप दर थोड्या वेळाने मोडते. बॉल पडतो, टीव्ही लागतो, मूल येऊन "झोपलंय का बघू" म्हणत कान ओढतं. पिल्लू उठतं, कारण काहीतरी चालू असताना झोपणं त्याला जमत नाही. संध्याकाळपर्यंत त्याची बरीच झोप बुडालेली असते.

झोप बुडालेलं पिल्लू पेंगत नाही, उलट ते उधळतं. शिकवलेलं विसरतं, दातांचा जोर आवरत नाही, थांबवलं की चिडतं. आणि नेमकं इथे घरचे लोक उलटा उपाय करतात. "अंगात फार मस्ती आहे, दमवू या" म्हणून आणखी बॉल फेकतात, मुलाबरोबर आणखी पळवतात. आधीच दमलेल्या जिवाला आणखी दमवल्यावर दात वाढतात, आणि मग पिल्लू आक्रमक आहे असा निष्कर्ष निघतो.

तपासायचं असं. पिल्लू तासभर जागं राहिलं की त्याला शांत, थोड्या अंधाऱ्या जागी ठेवा आणि साधारण दोन तास विश्रांती द्या. ती जागा बंद करता येईल अशी हवी. रिकामी खोली किंवा फाटकामागचा कोपरा चालेल. सुरुवातीला कुरकुर करेल, म्हणून चघळायला काहीतरी द्या आणि आपण शेजारी बसा. कागदावर जी वाईट वेळ दिसली असेल, तिच्या अर्धा तास आधी तर नक्कीच झोपवा. सलग तीन-चार संध्याकाळी एवढंच करून पाहा. दात लागणं स्पष्ट कमी झालं, तर तुमचा बिघाड सापडला. हे वेळापत्रक चालू ठेवा आणि पुढच्या पायऱ्या सावकाश करा.

झोपेचा दुसराही भाग आहे. गाढ झोपेतून दचकून उठलेलं कुठलंही कुत्रं, कितीही प्रेमळ असलं तरी, आधी तोंड मारू शकतं. म्हणून झोपलेल्या पिल्लाला कोणीही हात लावायचा नाही. उठवायचंच असेल तर मोठ्या माणसाने लांबून हाक मारायची. हा नियम घरातल्या प्रत्येकासाठी, पाहुण्यांसाठीही.

तपासणी ३: मोठं माणूस नेमकं कुठे असतं

लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांपैकी बहुतेक चावे ओळखीच्या कुत्र्याचे असतात आणि बरेचसे घरातच होतात. अगदी लहान मुलांना ते चेहरा, डोकं आणि मान इथे अधिक होतात, कारण मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. कुणीतरी खोलीत होतं, असंही पुष्कळदा असतं. ते माणूस फोनवर होतं, पाठमोरं होतं किंवा भाजी चिरत होतं.

लक्ष ठेवणं म्हणजे हात पोचेल एवढ्या अंतरावर असणं आणि डोळे दोघांवर असणं. हे सतत जमणार नाही. कुणालाच जमत नाही. जमत नसेल तेव्हा दार लावायचं, यात कमीपणा काही नाही. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं दोघं पूर्ण लक्षाखाली एकत्र असली, तर ती दिवसभर अर्धवट लक्षाखाली असण्यापेक्षा कितीतरी चांगली.

डोळे लावून पाहायचं काय, तेही सांगतो. पिल्लू चावण्याच्या खूप आधीपासून सांगत असतं की त्याला पुरे झालंय. झोप आलेली नसताना जांभई देतं. समोर खाणं नसताना ओठांवरून जीभ फिरवतं. तोंड दुसरीकडे वळवतं, एक पंजा उचलून धरतं, कान मागे चिकटवतं, शेपूट खाली घेतं, उठून निघून जातं. हे कुणी ऐकलं नाही तर एकदम थिजतं. ते थिजणं एक-दोन सेकंदांचंच असतं आणि त्यानंतर गुरगुरणं किंवा हवेत तोंड मारणं येतं. जांभईच्या टप्प्यावर मूल बाजूला झालं तर पुढचं काही घडतच नाही.

मुलांकडून हे ओळखण्याची अपेक्षा ठेवू नका. चार-पाच वर्षांच्या मुलाला दात दाखवणारं कुत्रं पुष्कळदा हसतंय असं वाटतं आणि ते आणखी जवळ जातं. रांगणाऱ्या बाळाला तर काहीच कळत नाही. शिवाय ते पिल्लाच्या उंचीवरून, वाकडंतिकडं, सरळ त्याच्या तोंडासमोर येतं. पाळण्यातल्या बाळाशी छान वागणारं पिल्लू बाळ रांगायला लागल्यावर अस्वस्थ झालं, हे मी बरेचदा पाहिलं आहे. रांगणं सुरू व्हायच्या आधीच फाटकाची सोय करून ठेवा.

तपासणी ४: मूल काय करतं

पळणारी, चिरक्या आवाजाची, हात हलवणारी छोटी वस्तू दिसली की तिच्यामागे धावायचं, हे पिल्लाच्या रक्तातच असतं. मेंढ्या राखण्यासाठी पैदास झालेल्या जातींत तर टाचा पकडून वळवणं पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलं असतं. मूल घाबरून पळतं आणि किंचाळतं, त्यामुळे पिल्लाला खेळ आणखी रंगल्यासारखा वाटतो. इथे मुलाला दोष देऊ नका. त्याला दुसरं काहीतरी करायला शिकवा.

सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे "झाड हो". पिल्लू अंगावर आलं की जागेवर उभं राहायचं, हात छातीशी घडी घालून, मान खाली, आवाज बंद. झाड हललं नाही की पिल्लाचा रस संपतो. हे पिल्लू नसताना खेळासारखं शिकवा, रोज थोडं, दोघं हसत. प्रत्यक्ष दात लागत असताना शिकवलेलं मुलाच्या डोक्यात जात नाही. पिल्लाने पाडलं तर पोटाशी गुडघे घेऊन, मान झाकून, गोळा होऊन पडून राहायचं, हेही त्याच खेळात शिकवता येतं. साधारण चार वर्षांखालच्या मुलाकडून यातलं काही पाळलं जाईल असं धरू नका. त्यांच्यासाठी फाटक आणि मोठ्यांचे डोळे एवढेच खरे.

कुरवाळण्याची पद्धतही बदला. मुलाने पिल्लाकडे जायचं नाही, पिल्लाला आपल्याकडे बोलवायचं. आलं तर मानेच्या बाजूला किंवा छातीवर तीन सेकंद हळू हात फिरवायचा आणि हात काढून घ्यायचा. पिल्लू आणखी जवळ सरकलं तर पुन्हा तीन सेकंद. मान वळवली, जागेवरून हललं किंवा ओठ चाटले, तर पुरे. ही विचारणा मुलं आश्चर्य वाटावं इतक्या पटकन शिकतात, आणि मग तीच मोठ्यांना टोकतात.

मिठी मारणं, तोंडाला तोंड लावणं, पाठीवर बसणं, शेपूट धरणं बंद. उचलणंही बंद, आणि तेही फक्त मुलासाठी म्हणून नाही. पिल्लाच्या हाडांची वाढ चालू असते. मुलाच्या हातातून पडल्यावर पाय मोडलेली पिल्लं पशुवैद्यांकडे येतात, लहान चणीच्या जातींत विशेष. मांडीवर घ्यायचं असेल तर मुलाने जमिनीवर बसायचं आणि पिल्लाने स्वतः चढायचं. पट्टा मुलाच्या हातात द्यायचा नाही.

तपासणी ५: आपण काय करतो

पिल्लाने दात लावला की घरात काय होतं ते प्रामाणिकपणे पाहा. कुणी नाकावर टिचकी मारतं, कुणी जबडा दाबून धरतं, कुणी पाठीवर पाडून दाबून ठेवतं, "मालक कोण ते कळलं पाहिजे" म्हणून. हे आजच थांबवा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अशा वर्चस्वाच्या कल्पनेवर आधारलेल्या शिक्षांविरुद्ध भूमिका जाहीर केली आहे. माराचा संबंध मुलाच्या हजेरीशी जोडला जातो, हे कारण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं आहे. मूल आलं की मार बसतो, एवढंच पिल्लाला कळतं. मग ते मुलालाच टाळू लागतं किंवा त्याच्यावर आधीच गुरगुरू लागतं.

गुरगुरण्याबद्दल तर कळकळीने सांगायचं आहे. गुरगुरणं म्हणजे धोक्याची घंटा आहे, आणि घंटा वाजली म्हणून तिची तार तोडायची नसते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, पण त्याची भीती तशीच राहते. पुढच्या वेळी ते थेट चावतं. "काही इशारा न देता चावलं" असं लोक सांगतात, तेव्हा त्यामागे बरेचदा हीच कहाणी असते. पिल्लू गुरगुरलं तर न ओरडता मुलाला बाजूला घ्या, पिल्लाला जागा द्या, आणि नेमकं कशावर गुरगुरलं ते कागदावर लिहा.

खेळातल्या दातांसाठी करायचं ते साधं आहे. दात त्वचेला लागला की खेळ तिथेच संपतो. मोठं माणूस मुलाला घेऊन फाटकापलीकडे जातं, अर्ध्या मिनिटाने परत येतं. दर वेळी, न रागावता. "कुई" असा आवाज काढायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. काही पिल्लं त्याने थांबतात, काही जास्त चेकाळतात, आणि मुलाच्या तोंडून निघालेल्या किंकाळीने तर बहुतेक चेकाळतातच. म्हणून मुलाला तो सल्ला देऊ नका.

तपासणी ६: दात आणि चघळणं

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण तीन-चार महिन्यांचं झालं की ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चघळणं ही गरज असते. चघळायला योग्य वस्तू प्रत्येक खोलीत, मोठ्या माणसाच्या हाताशी ठेवा. एक ओलं करून गोठवलेलं जाड फडकंही चालतं, पण समोर बसून, आणि धागे निघू लागले की टाकून द्यायचं. घरातली चार खेळणी आलटून पालटून काढली तर रोज नवी वाटतात.

मुलाची आणि पिल्लाची खेळणी वेगळ्या टोपल्यांत. मऊ बाहुली पिल्लाची आणि मऊ अस्वल मुलाचं, हा फरक त्याला कसा कळणार? आणि मुलाच्या खेळण्यातले मणी, छोटे चाकाचे तुकडे, विशेषतः चपट्या बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या पिल्लाच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

तपासणी ७: भांडं, खाऊ, जागा

पिल्लाचं जेवण बंद दारामागे. "सवय व्हावी" म्हणून मुलाला भांड्यात हात घालायला लावू नका. त्याने पिल्लाला इतकंच कळतं की माणसं जेवताना येऊन त्रास देतात, आणि जी राखण कधी सुरू झाली नसती ती सुरू होते. मोठ्या माणसाने जाता जाता भांड्यात आणखी चवदार तुकडा टाकून पुढे निघून जावं, हे उलट उपयोगी.

पिल्लाने मुलाची वस्तू पळवली तर मुलाने हिसकायची नाही, मागेही धावायचं नाही. मोठ्याला हाक मारायची. मोठ्याने खाऊ दाखवून अदलाबदल करायची.

मुलाच्या हातातला खाऊ पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर असतो, तेव्हा बोटं चावली जाणारच. मूल बसून खाईल आणि तेव्हा पिल्लू पलीकडे असेल. सांडलेलं उचलल्याशिवाय फाटक उघडू नका: चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या कुत्र्याला विषारी आहेत. यातलं काही खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन.

तपासणी ८: फाटक, कुंपण, पिंजरा

इथपर्यंत खर्च जवळजवळ नव्हता. आता थोडा आहे. दाराच्या चौकटीत बसणारं जाळीचं फाटक ही या घरांतली सर्वांत उपयोगी वस्तू, असं माझं ठाम मत आहे. दोघांना एकमेकं दिसतात, वास येतो, सवय होते आणि दात पोचत नाहीत. गजांमधून पिल्लाचं डोकं अडकणार नाही आणि मुलाचे हात सहज आत जाणार नाहीत, एवढं पाहून घ्या.

पिंजरा वापरायचा तर ती पिल्लाची खोली. त्यात मुलाने जायचं नाही, बोटं घालायची नाहीत, बाहेरून ठोकायचं नाही. शिक्षा म्हणून कोंडायचं नाही. आणि दिवसाचा मोठा भाग पिल्लू कोंडलेलंच राहत असेल, तर दात वाढतील, कमी होणार नाहीत.

घरात असताना पिल्लाला हलका, हाताचा फास नसलेला दोर लावून ठेवला तर अंगावर धरपकड न करता त्याला बाजूला घेता येतं. फक्त कुणी लक्ष ठेवून असतानाच. एकटं असताना काढा.

तपासणी ९: पशुवैद्य

वरचं सगळं दोन आठवडे नीट करूनही फरक नसेल, किंवा चांगलं वागणारं पिल्लू अचानक बदललं असेल, तर शरीर तपासून घ्या. कानाचा संसर्ग, खाज, पोटदुखी, न पडलेला दुधाचा दात, दुखावलेला पाय. मूल नेमकं दुखऱ्या जागी हात लावतं आणि पिल्लू तोंड मारतं. दुखणं असेल तर कुठलंही वळण लावून फायदा नाही.

त्याच भेटीत जंतांचं आणि लसींचं वेळापत्रक पूर्ण करून घ्या. गोल जंत आईकडून जन्माआधीच पिल्लात येतात आणि त्यांची अंडी माती आणि हातांवाटे मुलाच्या तोंडात जाऊ शकतात. अंकुशकृमी अनवाणी पायांतून शिरतात. विष्ठा लगेच उचलायची, आणि खेळून झालं की मुलाचे हात साबणाने धुवायचे. रेबीजची लस बहुधा तीन महिन्यांच्या सुमाराला दिली जाते, म्हणजे दात सर्वांत जास्त लागतात त्या वयात पुष्कळ पिल्लांना ती मिळालेलीच नसते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मुलाच्या त्वचेला दात किंवा नख लागून ओरखडा किंवा जखम झाली असेल, तर आधी डॉक्टर. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. वर कुठलीही पूड, तेल किंवा लेप लावू नका. जिथे रेबीज आढळतो तिथे रक्त न आलेला ओरखडाही डॉक्टरांना दाखवायचा असतो, आणि त्वचा फाटली असेल तर लसीबरोबर जखमेत इंजेक्शनही लागू शकतं. "आपलंच पिल्लू आहे, छोटंसं आहे" म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. लस त्याआधीच घ्यावी लागते.

पुढीलपैकी काहीही असेल तर घरचे प्रयोग थांबवा:

- खेळ नसताना चावा, किंवा चेहऱ्यावर, मानेवर चावा.
- थिजणं आणि मग चावा, असा क्रम एकदा जरी दिसला तरी.
- खाणं, खेळणं, जागा किंवा एखादं माणूस मुलापासून राखणं.
- मूल दिसताच लपणं, थरथरणं, खाणं सोडणं.
- मूल पिल्लाला घाबरू लागलं आहे, किंवा तुम्हाला स्वतःला पिल्लाजवळ जायची भीती वाटते.

आधी पशुवैद्याकडे, दुखणं नाही हे पक्कं करायला. मग कुत्र्यांच्या वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे. त्यांना तो कागद द्या आणि असला तर व्हिडिओ दाखवा, पण व्हिडिओसाठी प्रसंग मुद्दाम घडवून आणू नका. त्यांनी शिक्षेबद्दल काय विचार मांडला ते ऐका. गळा आवळणारी साखळी किंवा विजेचा झटका देणारा पट्टा सुचवणारा, पिल्लाला दाबून "नमवून" दाखवणारा, किंवा अमुक दिवसांत पूर्ण बरं करण्याची हमी देणारा माणूस असेल तर दुसरा शोधा. चांगला जाणकार मुलालाही पाहायला मागतो, घराची रचना विचारतो आणि पहिल्याच भेटीत पिल्लाला चिडवून बघत नाही.

कधी कधी सगळं करूनही उत्तर येतं की हे पिल्लू लहान मुलाच्या घरात सुरक्षित नाही, किंवा सुखी नाही. जाणकाराने असं सांगितलं तर घरच्यांना फार वाईट वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. तरी त्याचं म्हणणं ऐका. मुलं नसलेल्या शांत घरात अशी पिल्लं पुष्कळदा छान वाढतात. नवं घर शोधताना मात्र कोणत्या प्रसंगी, कोणाला, किती जोरात दात लागला हे सगळं स्पष्ट सांगा आणि कागदाची प्रत बरोबर द्या, म्हणजे तिथे येणारं पाहुण्यांचं मूल सुरक्षित राहील.